केंद्रासाठी संगणक: जुना घ्यावा की नवा?





भोर आणि वेल्हे (आताचे अधिकृत नाव राजगड) या तालुक्यांतील कामासाठी संगणक हवा आहे, हे कळल्यापासून मंडळ्यांतून दोन प्रकारचे निरोप येत आहेत. काही जण म्हणतात, “घरात जुना संगणक पडून आहे, घेऊन जा.” काही म्हणतात, “सेवेच्या कामाला जुनेपाने कशाला? थोडे थांबा, पैसे जमवून नवाच घेऊ.” दोन्हींमागे प्रेम आहे. पण पैसा तुमच्या दानाचा आहे, म्हणून बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसासारखा आम्हीही हिशेब केला. तो तुमच्यापुढे मांडते.

पहिला प्रश्न किमतीचा नाही, कामाचा आहे. आपल्याकडे संगणकाची कामे दोन. एक, कातकरी आणि महादेव कोळी कुटुंबांचे अर्ज भरणे: जातीचा व उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, कागदपत्रे स्कॅन करून चढवणे. दुसरे, मुलांना संगणक शिकवणे. या दोन कामांना एकाच प्रकारचे यंत्र लागत नाही.

अर्जांच्या कामाला वेळेचे बंधन असते. आपली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामाला बाहेर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. शाळा जूनमध्ये उघडते. म्हणजे दाखल्यांची घाई नेमकी जून-जुलैत, आणि याच दिवसांत मावळपट्ट्यात पाऊस कोसळतो व वीज येते-जाते. त्या वेळी यंत्र बंद पडले, तर आईबापांना मजुरी बुडवून भोरला खेटे घालावे लागतात. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय तर घोडेगावला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यामुळे स्वस्त यंत्राची खरी किंमत कोण मोजतो, हे आधी पाहावे लागते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. या यंत्रात लोकांचे आधार क्रमांक आणि बँक पासबुकाच्या प्रती असतात. त्यांनी त्या आपल्या हाती सोपवल्या आहेत. विंडोज ७ ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या, विंडोज १० च्या नेहमीच्या सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. यंत्र उत्तम चालत असले, तरी अशा सुधारणा मिळत नसतील तर ते कुलूप मोडलेल्या कपाटासारखे आहे. त्यात दुसऱ्यांचे कागद ठेवू नयेत.

विंडोज ११ चालायला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासूनचे, यात बसतात. पिढी ओळखणे सोपे आहे. आय५-४५७० असे लिहिले असेल, तर रेघेनंतरचा ४ म्हणजे चौथी पिढी. आय५-८५०० म्हणजे आठवी, आय५-१०४०० म्हणजे दहावी. “आय५ आहे, भारी आहे” एवढ्यावर दुकानदाराचे ऐकू नये. पुढचा आकडा विचारावा. किमान ४ जीबी म्हटले तरी प्रत्यक्ष कामाला ८ जीबी रॅम असलेली बरी.

मग चौथ्या पिढीचा संगणक भंगारात घालायचा का? मुळीच नाही. मुलांच्या सरावाला तो पुरतो. त्यातली फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की मंद यंत्रही तरतरीत होते; शिवाय एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने हादऱ्यांनी ती बिघडण्याची भीती कमी. त्यावर लिनक्ससारखी मोफत कार्यप्रणाली घालता येते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही याच कुळातली, भारतीय भाषांची सोय असलेली. मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये सारखाच असतो. त्यामुळे जुन्या यंत्रावर बोटे बसलेले मूल उद्या कोणत्याही कार्यालयात मराठी टंकलेखन करू शकते.

विजेचा हिशेबही पाहू. डेस्कटॉप पडद्यासह १०० वॉट घेतो असे धरले, तर रोज ५ तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे साडेबारा युनिट. लॅपटॉप ४० वॉट धरला तर पाच युनिट. फरक पैशांत फार नाही, पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. वीज गेली तरी अर्धा भरलेला अर्ज वाया जात नाही. डेस्कटॉपला त्यासाठी यूपीएस वेगळा घ्यावा लागतो. उलट डेस्कटॉपचा एखादा भाग गेला, तर तेवढाच बदलता येतो. लॅपटॉपची दुरुस्ती बहुधा महाग पडते. जुना लॅपटॉप घेताना बॅटरी किती वेळ टिकते, हे समोर बसून पाहावे.

हे सगळे तोलून आम्ही असे ठरवले आहे. अर्जांच्या कामासाठी एक लॅपटॉप घ्यायचा. अगदी नवा कोरा नसला तरी चालेल, पण आठव्या पिढीनंतरचा, विंडोज ११ चालणारा आणि दुकानाची लेखी हमी असलेला. मुलांसाठी तुमच्याकडून आलेले दोन जुने डेस्कटॉप घेऊन त्यांत एसएसडी आणि लिनक्स घालायचे. मुलांच्या यंत्रांवर कोणाचेही कागद ठेवायचे नाहीत.

आपला संगणक देऊ इच्छिणाऱ्यांना चार विनंत्या:

१. तो सुरू होतो ना, हे पाहूनच द्या. बंद यंत्र वेल्ह्यापर्यंत आणणे आणि मग त्याची विल्हेवाट लावणे, हा दुहेरी खर्च होतो. असे यंत्र ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावे.

२. आपले फोटो, कागदपत्रे काढून घ्या आणि डिस्क पूर्ण पुसा. नुसते ‘डिलीट’ केल्याने माहिती खऱ्या अर्थाने जात नाही. जमत नसेल तर डिस्क काढून ठेवा; आम्ही एसएसडी बसवणारच आहोत.

३. बरेच दिवस पडून असलेल्या संगणकाची तारीख मागे गेली असेल तर घाबरू नका. आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि लोकांना वाटते यंत्रच गेले. सेल स्वस्त असतो, तो बदलला की काम होते.

४. वायर, चार्जर, कीबोर्ड सोबतच द्या. जुन्या यंत्राचा नेमका चार्जर शोधण्यात दिवस जातात.

यंत्र नसेल आणि तरीही हातभार लावायचा असेल, तर एक एसएसडी किंवा एक यूपीएस हेही मोठे दान आहे. पावसाळ्यात यंत्र दमट जागेत बंद ठेवू नये, ते रोज थोडा वेळ चालवावे, आणि विजा चमकू लागल्या की प्लग काढावा, एवढी शिस्त आम्ही पाळू.

जूनमध्ये शाळेची घंटा वाजेल तेव्हा एकाही मुलाचा दाखला यंत्रावाचून अडू नये, एवढ्यासाठी प्रार्थना करा, आणि देण्याजोगे काही असेल तर मे महिन्याच्या आत कळवा.

प्रभूच्या सेवेत तुमची बहीण