बारा वर्षं झाली म्हणजे प्लॉट आपला?

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या ले-आउटमध्ये दोन घरांच्या मधे एखादा मोकळा प्लॉट हमखास दिसतो. आजूबाजूला शेती होती तेव्हा कोणीतरी घेतलेला. मालक नोकरीपायी पुण्याला किंवा भिलाईला. शेजारचे काका तिथे भाजी लावतात, गाडी ठेवतात. मग कोणीतरी सांगतं, "बारा वर्षं झाली ना भाऊ, आता तो तुमचाच."

बारा वर्षांचा आकडा खरा आहे. मुदत कायदा, १९६३ चा अनुच्छेद ६५ मालकाला ताबा परत मागायला एवढीच मुदत देतो, आणि ती संपली की कलम २७ प्रमाणे त्याचा हक्कही संपतो. पण मोजणी सुरू होते ती ताबा मालकाच्या 'विरुद्ध' झाल्या दिवसापासून. लोक नेमका हाच शब्द विसरतात. ताबा उघड हवा, अखंड हवा आणि मालकाचा हक्क नाकारणारा हवा. मोकळा पडलेला प्लॉट कायद्याच्या नजरेत मालकाच्याच ताब्यात असतो. वांग्याच्या चार रोपांनी तो जात नाही.

परवानगीने राहणाऱ्याचं तर घड्याळ सुरूच होत नाही. भाडेकरू, राखणदार, घर सांभाळायला ठेवलेला भाचा, कोणीही असो. गोव्यातल्या एका खटल्यात बहिणीच्या घरात राहणाऱ्या भावाने हक्क सांगितला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं की राखणदाराला कितीही वर्षं राहून मालकी मिळत नाही. आपल्याकडे सौदाचिठ्ठीवर ताबा घेऊन विक्रीपत्र न केलेले पुष्कळ आहेत. त्यांचा ताबाही विकणाऱ्याच्या संमतीचाच धरला जातो. "मी विकत घेतला" आणि "मी विरुद्ध कब्जाने मिळवला" हे दोन्ही एका तोंडाने म्हणता येत नाही, कारण दुसऱ्या दाव्यात खरा मालक कोण, हे आधी कबूल करावं लागतं.

कराची पावती आणि विजेचं बिल यांवर लोकांचा फार भरवसा. हे कागद ताबा दाखवायला उपयोगी पडतात, मालकी देत नाहीत. सातबारा आणि आखीव पत्रिकासुद्धा मालकी निर्माण करत नाहीत. गुंठेवारीत प्लॉट नियमित झाला, तरी मालकीचा वाद त्याने मिटत नाही. नझूलसारख्या सरकारी जमिनीला बारा नव्हे, तीस वर्षं लागतात.

खरा कब्जेदार मात्र हतबल नाही. पूर्वी तो विरुद्ध कब्जाचा हक्क फक्त बचावात मांडू शके. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालाने त्याला स्वतःहून दावा लावायचीही मुभा दिली. कायदा आयोगानेही २०२३ मध्ये या तरतुदी बदलू नका, असंच सुचवलं.

म्हणून बाहेरगावच्या मालकांना कळकळीने सांगणं आहे, वर्षातून एकदा तरी प्लॉटवर येऊन जा. कोणी कंपाउंड घातलं असेल तर नुसती नोटीस किंवा पोलिसांत तक्रार करून निश्चिंत राहू नका. ती बारा वर्षं दिवाणी दावा दाखल होईपर्यंत मोजली जातच राहतात.