लंडन जवळ, मुंबई लांब?

लंडनला मुलाकडे निघालेले आई-बाबा तिकीट पुढे करून विचारतात, जाताना साडेचार तास आणि येताना साडेचौदा, असं कसं? मग शेजारचं कुणीतरी सांगतं, "पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, म्हणून पश्चिमेला जाताना लंडनच आपल्याकडे सरकत येतं." शिकल्यासवरल्या माणसांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. कारण ज्या गोष्टीचं हे स्पष्टीकरण, ती गोष्टच घडलेली नसते.

तिकिटावर सुटायची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोचायची पोचण्याच्या गावची. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. हिवाळ्यात दुपारी १ला मुंबई सोडून १० तासांनी उतरलात, तर इथे रात्रीचे ११ आणि तिथे संध्याकाळचे साडेपाच. तिथून रात्री ९ला निघून ९ तासांत परत आलात, तर मुंबईत सकाळचे साडेअकरा. अंतर दोन्हीकडून सुमारे ७,२०० किलोमीटरच, आणि पश्चिमेला जाताना वेळ वाचत नाही, उलट साधारण तासभर जास्त लागतो!

मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. ती विमानाखालून निसटत असती, तर जुहूला हेलिकॉप्टर वर नेऊन तासभर एका जागी थांबवलं की खाली ओमानचा किनारा दिसला असता. तसं होत नाही, कारण हवाही जमिनीबरोबर फिरते आणि विमान धावपट्टी सोडतं ते जमिनीचा वेग अंगात घेऊनच. धावत्या गाडीत वर उडवलेलं नाणं परत आपल्याच हातात पडतं, तसंच हे.

तासाभराचा फरक पडतो तो वाऱ्याने. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. हिवाळ्यात ते जोरात असतात, कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकातच फुगे सोडून हे वारे मोजले होते. गंमत म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे तो इथे: विषुववृत्ताकडची हवा पूर्वेकडचा मोठा वेग घेऊन ध्रुवाकडे निघते, तिथली जमीन मात्र हळू फिरत असते, म्हणून हवा जमिनीच्या पुढे धावते. म्हणजे पृथ्वी फिरल्याचा फायदा मिळतो तो पूर्वेकडे येणाऱ्याला.

फेब्रुवारी २०२०मध्ये ब्रिटिश एअरवेजचं विमान असाच वारा पाठीशी घेऊन न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३००च्या वर गेला, म्हणून त्याने ध्वनीचा वेग ओलांडला असं लोक म्हणू लागले. ओलांडला नाही, भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं.

वाऱ्यासारखाच वाटेबद्दलही गैरसमज असतो: नकाशावर वाकडा दिसणारा विमानाचा मार्ग लांबचा नसतो. गोल पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट सपाट कागदावर वाकते. पण दोन शहरांमधलं अंतर तेच, म्हणून वेळही कायम तेवढाच, असंही नाही: २०१९मध्ये पाकिस्तानने काही महिने हवाई हद्द बंद ठेवली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. आणि तिकिटावरचा कालावधी नुसता हवेतला नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो.