लहान आतड्याची अर्बुदे

लहान आतड्याची अर्बुदे म्हणजे आद्यांत्र, मध्यांत्र व शेषांत्र या तीन भागांत पेशींच्या अनियंत्रित वाढीमुळे निर्माण होणाऱ्या गाठी होत. त्यांचे सौम्य व मारक असे दोन प्रकार आहेत. लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असूनही पचनमार्गाच्या एकूण कर्करोगांपैकी ५ टक्क्यांहून कमी कर्करोग तेथे उद्भवतात. आतड्यातील पदार्थ पातळ असून वेगाने पुढे सरकतो, तसेच तेथे जिवाणू कमी व लसिकाभ ऊती भरपूर असतात. ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात.

सौम्य अर्बुदे

ग्रंथी-अर्बुद (अ‍ॅडेनोमा), वसार्बुद (लायपोमा), स्नायु-अर्बुद (लिओमायोमा) व रक्तवाहिन्यांचे अर्बुद ही प्रमुख सौम्य अर्बुदे होत. ती शरीरात इतरत्र पसरत नाहीत. मात्र ग्रंथी-अर्बुदाचे कालांतराने कर्करोगात रूपांतर होऊ शकते. म्हणून ते काढून टाकतात.

मारक अर्बुदे

ग्रंथी-कर्करोग बहुधा आद्यांत्रात, तर तंत्रिका-अंतःस्रावी अर्बुद बहुधा शेषांत्रात आढळते. दुसऱ्या प्रकारास १९०७ मध्ये जर्मन विकृतिवैज्ञानिक झीगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी ‘कार्सिनॉइड’ हे नाव दिले. ते यकृतात पसरल्यास सेरोटोनिन व तत्सम द्रव्यांमुळे चेहरा लाल होणे व जुलाब ही लक्षणे दिसतात. लसिकार्बुद (लिम्फोमा) आणि जठरांत्र आधार-ऊती अर्बुद (जिस्ट) हे अन्य प्रकार होत. क्रोन रोग, सिलिअ‍ॅक रोग व काही आनुवंशिक विकारांत मारक अर्बुदांचा धोका वाढतो.

लक्षणे व निदान

आतडे लवचिक असल्याने गाठ बरीच वाढेपर्यंत त्रास जाणवत नाही. पुढे अधूनमधून पोटदुखी, उलट्या, वजन घटणे व काळी शौचास होणे ही लक्षणे दिसतात. कधी आतड्याचा एक भाग शेजारच्या भागात शिरून मार्ग बंद होतो. सूक्ष्म रक्तस्रावामुळे केवळ रक्तक्षय हेच पहिले चिन्ह असू शकते. जठराची व मोठ्या आतड्याची नेहमीची दुर्बिण तपासणी लहान आतड्याच्या बहुतांश भागापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे या तपासण्या निर्दोष येऊनही लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय टिकून राहिल्यास लहान आतडे तपासणे आवश्यक ठरते. त्यासाठी सीटी चित्रण, कॅप्सूल एंडोस्कोपी किंवा फुग्याच्या साहाय्याने पुढे सरकणारी दुर्बिण वापरतात. मार्ग अरुंद झाला असल्यास कॅप्सूल अडकण्याचा धोका असतो. निश्चित निदान ऊतिपरीक्षेने होते.

उपचार

लहान सौम्य गाठी दुर्बिणीतून काढता येतात. मारक अर्बुदासाठी आतड्याचा बाधित भाग व लगतच्या लसिका ग्रंथी शस्त्रक्रियेने काढणे हा मुख्य उपचार होय. लसिकार्बुदावर प्रामुख्याने रसायनोपचार करतात. बहुतेक जिस्टमध्ये केआयटी जनुकात उत्परिवर्तन असल्याने त्यावर इमॅटिनिब हे औषध उपयुक्त ठरते. रोग पसरण्यापूर्वी निदान झाल्यास जगण्याची शक्यता लक्षणीयरीत्या वाढते.