ठळक, गोल, तिरपा टाइप कशासाठी?

डिस्प्ले टाइप (मोठ्या आकारातल्या मोजक्या शब्दांसाठी घडवलेली अक्षरे) म्हणजे पडद्यावर वाचायचा टाइप, असा समज आढळतो. प्रत्यक्षात तो पाटी, शीर्षक, वेष्टन यांसाठी असतो. ठळक, गोलाकार इटॅलिकमध्ये (तिरप्या वळणात) जोर, मऊपणा आणि गती एकत्र येतात. पैठणी समारंभात खुलते, रोजच्या कामात अडचण करते, तसेच या टाइपचे. लहान आकारात जाड रेघांमधली पोकळी बुजते.

दोन लिपी शेजारी आल्या की तिरपेपणाचा वेगळा विचार करावा लागतो. बहारीनमधल्या रिफा शहरात पाट्यांवर अरबी आणि रोमन अक्षरे शेजारी दिसतात. अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून रोमनचा कल तिला जसाच्या तसा लावू नये. गोल, ठळक टाइप तिरपाच हवा असेही नाही: मुंबईच्या ‘एक टाइप’ या टाइप घडवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ हा टाइप देवनागरीत गोल व ठळक, पण उभा आहे. ‘बलू भाईजान’ हे त्याचे उर्दू भावंड. मजकूर लांब असेल, तर साधाच टाइप निवडा.