केबल भिंतीत जाते, पण नाव आपलं बाहेर राहतं

सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगच्या धंद्यात उतरायचं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, "सर, केबल कुठली टाकू?" उत्तर देण्याआधी माझीच चूक सांगतो.

दुकान टाकून वर्षच झालं होतं. रांजणगावच्या बाजूला एका छोट्या वर्कशॉपमध्ये आठ कॅमेऱ्यांचं काम मिळालं. कोटेशन कमी दिसावं म्हणून मी स्वस्तातला केबल बॉक्स उचलला. दिवसा सगळं झकास चालायचं. अंधार पडला की लांबचे दोन कॅमेरे बंद! कॅमेरा बदलला, स्विच बदलला, तरी तेच. शेवटी केबल सोलून तार ब्लेडनं खरवडली, तर आतून पांढरी. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. बाजारात याला सीसीए म्हणतात.

आता कारण समजून घ्या. ॲल्युमिनियमचा रोध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो. पीओई कॅमेऱ्याला वीजही त्याच केबलमधून जाते. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो, आणि लांबच्या टोकाला व्होल्टेज पुरत नाही.

सगळी केबल मी माझ्या खिशातून बदलली. पण पैशापेक्षा मालकांचा एक प्रश्न जास्त लागला, "दादा, तुम्हाला हे माहीत नव्हतं का?"

खरेदी करताना

बॉक्सवर आणि केबलवर काय छापलंय ते वाचा. मग एक तार खरवडून बघा, आतपर्यंत तांबंच दिसलं पाहिजे. बॉक्स हातात घेऊन वजनही बघा. ३०५ मीटरचा बॉक्स संशय येण्याइतका हलका लागला तर परत ठेवा. आणि साध्या टेस्टरवर आठ दिवे लागले म्हणजे केबल पास झाली असं समजू नका. तो फक्त जोडणी बघतो, सीसीए त्यातून आरामात सुटते.

ऑफिस, दवाखाना, पतसंस्था

शिरूर-दौंडच्या बाजारपेठेतल्या अशा कामांना शुद्ध तांब्याची कॅट-६ पुरते. १ गिगाबिटसाठी ती १०० मीटरपर्यंत चालते. ही मर्यादा दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड धरून आहे, म्हणून भिंतीतली केबल ९० मीटरच्या आत ठेवा. १० गिगाबिट पूर्ण १०० मीटरवर पाहिजे असेल तर कॅट-६ए. गरज नसताना ती गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारू नका.

कारखान्याचं गणित वेगळं

शिरूर तालुक्यात रांजणगाव एमआयडीसी, दौंड तालुक्यात कुरकुंभ. म्हणजे काम आपल्या दारात आहे. पण तिथं मोठ्या मोटारी, वेल्डिंग मशीन, ड्राइव्ह असतात आणि त्यांचा विद्युत गोंधळ केबलमध्ये शिरतो. म्हणून:

- डेटा केबल पॉवर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा.
- गोंधळ जास्त असेल तिथं शिल्डेड केबल. पण तिचं अर्थिंग नीट केलं नाही तर शिल्डचा उपयोग होत नाही, उलट त्रास होतो.
- एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जायचं असेल तर फायबर. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या केबलमधून आलेला झटका दोन्हीकडचे स्विच उडवू शकतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. फक्त आत धातूची तार किंवा आर्मर नसलेली फायबर निवडा.
- उघड्यावर ऊन सोसणारं आवरण असलेलीच केबल, आणि उंदरांसाठी कंड्युट.

कुरकुंभला केमिकलचे कारखाने आहेत. ज्वलनशील वाफा असू शकतात अशा भागात आपलं साधं सामान घेऊन शिरायचं नाही. तिथं मंजूर साहित्य आणि जाणकार माणूसच लागतो. असं काम नाकारायला लाजू नका.

चोरी फक्त तारेची होत नाही

गेटवरच्या कॅमेऱ्याची केबल हाताला येत असेल, तर कुणीही ती काढून लॅपटॉप लावू शकतो. तिथून अकाउंटच्या कॉम्प्युटरपर्यंत वाट मोकळी नको. म्हणून कॅमेरे आणि ऑफिस यांची नेटवर्कं व्हीलॅननं वेगळी करा, रॅकला कुलूप लावा आणि स्विचचे रिकामे पोर्ट बंद करा. प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना लेबल लावा. एखादी अनोळखी तार त्यामुळं लगेच नजरेत येते.

कोटेशन कसं द्यायचं

"केबल – १ बॉक्स" एवढंच लिहाल तर समोरचा फक्त दर बघणार. कंपनी, कॅटेगरी, "शुद्ध तांबे" आणि तुमची वॉरंटी स्पष्ट लिहा. सोबत दोन्ही तारांचे तुकडे न्या आणि मालकांसमोर खरवडून दाखवा. मी आता प्रत्येक कामाला हेच करतो. काही जण तरीही स्वस्तवाल्याकडं जातात. जाऊ द्या.

केबल ओढायची मजुरी स्वस्त मालालाही तेवढीच लागते आणि महागालाही तेवढीच. दुसऱ्यांदा ओढायला लागली की सगळा नफा तिथंच संपतो.

उद्या दुकानातला बॉक्स उघडा आणि एक तार खरवडून बघा. सुरुवात तिथूनच करा.