लुकलुकता उजेड आणि थांबलेले चाक

मंडणगडला लहानपणी भाताच्या गिरणीत ट्यूबलाइटखाली फिरते चाक कधी कधी जागच्या जागी उभे दिसे. गिरणीवाले काका ओरडत, "हात लावू नको रे, फिरतंय ते!" त्या दटावणीतले गणित पुढे पुस्तकांतून उलगडले. आपल्या विजेवर जुनी ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. समजा, चार आऱ्यांचे चाक सेकंदाला 25 फेरे घेते. दोन उजेडांच्या मध्ये ते बरोबर पाव फेरा सरकते, एका आऱ्याच्या जागी दुसरा येतो आणि चाक थांबल्याचा भास होतो. म्हणूनच कारखान्यांत शेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर जोडण्याची रीत पडली.

हाच भास मुद्दाम घडवणारा दिवा म्हणजे स्ट्रोब. 1930 च्या दशकात अमेरिकेत एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टन यांनी वायूच्या नळीतून क्षणभराचे झोत पाडून धावती यंत्रे छायाचित्रांत पकडली. आज विमानाच्या पंखांवरचा इशारा, इंजिनाचे टायमिंग, स्वरतंतूंची तपासणी अशा कामांत तो राबतो.

आता तो डीजेबरोबर गावच्या मिरवणुकीतही आला आहे. 2024 च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी बंदी घातली ती लेझरच्या झोतांवर. लेझर डोळ्याच्या पडद्याला इजा करतो. स्ट्रोबचा धोका मेंदूला. सेकंदाला साधारण 3 ते 30 वेळा चमकणारा उजेड काहींच्या मेंदूतील पेशींना एकाच तालावर ओढतो आणि फिट येते. असे लोक थोडे, चार हजारांत एखादा. पण त्यांत मुले आणि तरुण जास्त, आणि मिरवणुकीत पुढे नाचतात तेही तेच. जपानमध्ये 16 डिसेंबर 1997 रोजी 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा उजेड काही सेकंद झपाट्याने लुकलुकला आणि सुमारे 685 जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील अनेकांना आधी कधीच फिट आली नव्हती.

आपल्याकडे अशा वेळी "अंगात आलं" म्हणतात, नाहीतर चप्पल हुंगवतात. दोन्हींत वेळ जातो. दिवा बंद करावा, रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, दाबून धरू नये. झटके पाच मिनिटांवर गेले तर थेट रुग्णालय गाठावे. उजेडाने अस्वस्थ वाटू लागले तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवावी. नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण पापणीतूनही उजेड आत जातो.

मंडळांसाठी नियम सोपा आहे : ब्रिटनमधील सुरक्षा मार्गदर्शनाप्रमाणे सेकंदाला चारपेक्षा जास्त झोत नकोत, आणि अनेक दिवे असतील तर सगळे एकाच वेळी लागावेत. वेगवेगळे लागले, तर चारांचे बारा व्हायला वेळ लागत नाही.

काकांच्या ओरडण्याने माझी बोटे शाबूत राहिली. मिरवणुकीतही कोणीतरी वेळेवर ओरडायला हवे.