गुडघ्याच्या कॅप्सूलमागचा कच्चा माल

गुडघेदुखीवरच्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या कॅप्सूल औषधांच्या दुकानांत सर्रास विकल्या जातात. हा पदार्थ येतो कुठून? गुरे, डुकरे, कोंबड्या व शार्क मासा यांच्या कूर्चेतून. एरवी टाकाऊ ठरणारा माल येथे औषधाचा कच्चा माल बनतो.

साखरेच्या लांब साखळीचा हा पदार्थ आपल्या सांध्यांतही असतो. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून कूर्चा दाब सोसते. त्याच घराण्यातले केराटन सल्फेट डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात असते. जन्मजात दोषाने ते नीट बनले नाही, तर पडदा धूसर होत जातो. तिसरे हेपरिन. रक्त गोठू न देणारे हे औषध मुख्यतः डुकराच्या आतड्यापासून काढतात.

या साम्याचा गैरफायदा २००७-०८ मध्ये घेतला गेला. चीनमधून आलेल्या हेपरिनमध्ये, स्वस्त कॉन्ड्रॉइटिनवर रासायनिक प्रक्रिया करून केलेली भेसळ निघाली. तेव्हाच्या नेहमीच्या चाचण्यांना ती सापडली नाही. अमेरिकेत अनेकांच्या मृत्यूशी तिचा संबंध जोडला गेला. त्यानंतर चाचण्या कडक झाल्या.

कॅप्सूलचा गुण किती? अमेरिकेत १५८३ रुग्णांवर झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एकंदरीत नकली गोळीपेक्षा ठळक फायदा दिसला नाही.

म्हणून दुकानदार बंधूंना आमचे सांगणे एवढेच : माल घेताना मूळ प्राण्याचे नाव व शुद्धतेचा दाखला लेखी मागा. ग्राहकाने हलाल-हरामविषयी विचारले, तर अंदाजाने उत्तर देऊ नका. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवा. विक्री एक दिवसाची, विश्वास मात्र कायमचा असतो.